सायकल चालवायला गाडी कशाला लागावी?



आज थोड्या आठवणी सांगणार आहे आणि थोडं भांडणारही आहे. पंच्याहत्तरी आली की दोन्ही गोष्टी एकदमच सुचतात. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात जावयांनी गाडीच्या मागं दोन सायकली बांधल्या, मला आणि नातवाला आत बसवलं आणि कोंडापूरहून नानकरामगुड्याला आऊटर रिंग रोडच्या सायकल ट्रॅकवर नेलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ ला हा ट्रॅक सुरू झाला. एकूण लांबी २३ किलोमीटर, रुंदी साडेचार मीटर. डोक्यावर सोलर पॅनेलचं छप्पर आणि त्यातून १६ मेगावॅट वीज. एक फाटा नानकरामगुड्याहून पोलिस अकॅडमीकडे जातो, दुसरा नार्सिंगीहून कोल्लूरकडे. दक्षिण कोरियातला असा ट्रॅक बघून आपल्याकडच्यांना ही कल्पना सुचली म्हणतात. सुचली ते फार चांगलं झालं. आपल्या मे महिन्यात डोक्यावर छप्पर नसलेला सायकल ट्रॅक म्हणजे तवाच.

चार वर्षांपूर्वी भाजी आणायला निघालो असताना एका मोटारसायकलचा हँडल लागून मी पडलो आणि मनगट मोडलं. तेव्हापासून घरात माझ्या सायकलीवर बंदी आहे. म्हणजे सायकल आहे, बाल्कनीत, तिच्यावर टॉवेल वाळतात. त्यामुळे त्या दिवशी चार किलोमीटर चालवली तेव्हा खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. वारा लागला म्हणून असं नातवाला सांगितलं.

परत येताना तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही तुमच्या घरून इथं रोज सायकलनं का नाही येत?"

मी म्हटलं, "अरे बाबा, बरकतपुऱ्याहून इथं वीसएक किलोमीटर. नामपल्ली, मेहदीपट्टणम, टोलीचौकी, गच्चीबावली. मी पोचेन की नाही ते सांगता येत नाही."

तो आठवीत आहे. जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे सायकल चालवायला आधी गाडी पाहिजे."

जावई हसले, मीही हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

आमच्या लहानपणी उलटं होतं. काचीगुड्यात ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्याकडे सायकल होती, आणि ज्याच्याकडे सायकलही नव्हती तो तासाच्या भाड्यानं घ्यायचा. आम्ही पोरं तिघांत एक सायकल घ्यायचो आणि नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायचो. वडील काचीगुड्याहून ऑफिसला सायकलनंच जात. अंधार पडल्यावर दिवा नसला की पोलिस पकडायचा, म्हणून संध्याकाळी आईचा पहिला प्रश्न असायचा, "दिव्यात तेल आहे का?" मी बद्रुका कॉलेजात बी.कॉम. केलं तेही त्याच सायकलीवर. तेव्हा सायकलला कोणी हेल्थ म्हणत नव्हतं. ती नुसती सायकल होती.

१९७२ साली बँकेत लागलो आणि १९७७ ला बदली झाली निजामाबाद जिल्ह्यातल्या बोधनला. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक त्या बाजूचे आहेत, त्यांना माहीत आहे. राज्य तेव्हा आंध्र प्रदेश, पण बोधनच्या बाजारात मराठी बोलून सगळं काम व्हायचं. धर्माबाद, बिलोली, देगलूर जवळच. शक्करनगरला साखर कारखाना आणि नजर जाईल तिकडे ऊस नाहीतर भात. या सगळ्या हिरवळीमागं एक धरण होतं, मांजरा नदीवरचं निजामसागर. १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली ते बांधलं गेलं. त्याच्या कालव्याचं पाणी बांसवाडा, बोधन, निजामाबाद करत आरमूरच्या बाजूला जात असे.

आमच्या शाखेला जीप नव्हती. पीककर्जाच्या तपासणीला जायचं तर सायकल. पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्यानं सांगितलं, "साहेब, डांबरी रस्त्यानं कशाला जाता, कालव्यावरून जा." आणि मला तो रस्ता सापडला. कालव्याच्या भरावावर पाटबंधारे खात्याची तपासणीची वाट असते. मुरूम टाकलेली, एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं, मधूनमधून बाभळी. आणि सपाट! याचं कारण मला नंतर एका ओव्हरसियरनं समजावलं. कालव्याला उतार अगदी नावापुरता ठेवतात. जास्त ठेवला तर पाणी वेगात जाऊन काठ खातं, कमी ठेवला तर गाळ बसतो. म्हणून कालवा टेकडीला वळसा घालतो, पण चढत नाही. सायकलवाल्यासाठी याहून चांगली वाट जगात कोणीच आखलेली नसेल, आणि आखणाऱ्याच्या मनात सायकल तर अजिबात नव्हती.

कालव्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला तिकडे 'लष्कर' म्हणतात. महाराष्ट्रात पाटकरी म्हणतात तोच. हातात काठी, डोक्याला टॉवेल. आमच्या वाटेवरचा लष्कर तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच वाक्यात बोलायचा. त्यानं मला बँकेच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही ते शिकवलं. म्हणाला, "साब, कालव्याचं डोकं वेगळं, शेपूट वेगळं." धरणाजवळची माणसं तूम उघडून दोन-दोन पिकं भाताची घेतात. पाणी शेवटच्या गावापर्यंत जाईस्तो नुसती ओल उरते. कागदावर मात्र दोन्ही जमिनी ओलिताखाली.

आमच्या शाखेत एका गावाची थकबाकी फार होती. फाइलवर आधीच्या कोणी शेरा मारलेला, 'मुद्दाम भरत नाहीत'. मी सायकलनं त्या गावाला गेलो. पाच-सहा किलोमीटर आधीपासूनच कालव्यातलं पाणी उतरत गेलं. मग तळ दिसायला लागला, मग तळाला भेगा. गावात पोचलो तेव्हा कालव्यात पोरं गोट्या खेळत होती. कर्ज भातासाठी दिलेलं आणि शेतात भात कुठेच नाही, लावलाच नव्हता, कारण पाणीच आलं नव्हतं. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं, त्या गावच्या कर्जाचे हप्ते पुढच्या हंगामावर टाकून घेतले. त्यासाठी वरून बोलणीही खाल्ली. पुढे सगळ्यांनी फेडलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. बऱ्याच जणांनी फेडलं. पण तो 'मुद्दाम' हा शब्द मी फाइलमधून खोडला याचं समाधान मला निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळापेक्षा जास्त आहे.

मी जीपमधून गेलो असतो तर गाव दिसलं असतं, कालवा कसा आटत जातो ते दिसलं नसतं. सायकलच्या वेगानं गेलं की मधलं सगळं दिसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता जरा परदेशात जाऊ.

मुलगा इंग्लंडमध्ये रेडिंगला नोकरीला आहे. २०१६ च्या जूनमध्ये मी आणि सौ. तिकडे दोन महिने होतो. रेडिंगला केनेट अँड एव्हन नावाचा कालवा सुरू होतो, तो १४० किलोमीटरवर ब्रिस्टलला जातो. आपल्यासारखा शेतीचा कालवा नव्हे, मालाच्या बोटींचा. १८१० साली पुरा झाला, जॉन रेनी नावाचे इंजिनिअर. त्या काळी इंजिन नव्हतं, बोट काठावरून घोडा ओढत असे. घोड्याला चालायला पाण्याला लागून जी वाट केली ती 'टोपाथ'. टो म्हणजे ओढणं. आपल्या आबिड्सला पार्किंग चुकलं की गाडी टो करतात, तोच शब्द.

आपल्याकडेही हे होतं बरं का. गोदावरीवर धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांनी धरण बांधलं, त्याचे कालवे त्यांनी शेतीबरोबर बोटींसाठीही योजले होते. माझा एक राजमहेंद्रीचा सहकारी सांगायचा की त्याचे आजोबा लग्नाच्या वऱ्हाडासकट कालव्यातून बोटीनं गेले होते आणि काठावरून माणसं दोरानं बोट ओढत होती. तिकडे घोडा, इकडे माणूस, एवढाच फरक. (एवढाच म्हटलं खरं, पण फार मोठा फरक आहे.)

एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, चला, तुमचा बोधनचा कालवा दाखवतो." आम्ही रेल्वेनं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला गेलो, भाड्याच्या सायकली घेतल्या आणि टोपाथवरून बाथकडे निघालो. सोळाएक किलोमीटर. सौ. म्हणाली मी नक्को, तुम्ही जा, मी रेल्वेनं बाथला येते. शहाणी.

वाटेत दोन ठिकाणी कालवा एव्हन नदी ओलांडतो, तीही पुलावरून. म्हणजे खाली नदी, वर दगडी पूल, पुलावर पाणी, पाण्यात बोट आणि बोटीच्या बाजूनं आम्ही बापलेक सायकलवर. मी उतरून उभाच राहिलो. पुढे एका जुन्या पुलाच्या कोपऱ्यावर खोल खाचा दिसल्या. मुलगा म्हणाला, घोड्याचा दोर घासून घासून पडलेल्या. आपल्याकडे विहिरीच्या काठाला पडतात तशाच. हात लावून पाहिला.

आणि वाट सपाटच, बोधनसारखी. फक्त तिथं चढ आला की कालवा वळसा घालत नाही, पायऱ्या चढतो. त्याला लॉक म्हणतात. दोन दरवाजांच्या मध्ये बोट घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर, पुढचा दरवाजा उघडायचा. डेव्हायझेस गावाजवळ केन हिलला अशी सोळा लॉक एका रांगेत टेकडीवर चढलेली आहेत. ते दुसऱ्या एका दिवशी पाहिलं. देवळाच्या पायऱ्यांसारखं दिसतं.

आता मला जे सांगायचंय ते असं. हा कालवा काही इंग्रजांनी सहलीसाठी बांधला नव्हता. शुद्ध धंदा होता. पुढे रेल्वे आली, १८५२ साली रेल्वे कंपनीनंच कालवा विकत घेतला, आणि हळूहळू त्याचा धंदा बसला. विसाव्या शतकाच्या मध्याला काही भाग तर झाडाझुडपांनी भरून बंद पडलेला. आपल्याकडे अशा जागेचं काय होतं ते सांगायला नको. तिथं मात्र स्वयंसेवक गोळा झाले, वर्षानुवर्षं गाळ काढला, लॉक दुरुस्त केली, वर्गणी जमवली, आणि १९९० साली राणीच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे ३२०० किलोमीटर जलमार्ग एक धर्मादाय ट्रस्ट सांभाळतो.

कॉमर्सवाल्यांना हे लगेच कळेल. घसारा पूर्ण झालेली मालमत्ता, ताळेबंदात किंमत एक रुपया, आणि तिच्यावर रोज हजारो माणसं सायकल चालवतात, चालतात, मासे धरतात. नवीन जमीन घेतली नाही. जी पट्टी दोनशे वर्षांपूर्वी घोड्यासाठी सोडली होती ती विकली नाही, एवढंच.

पूर्वी या वाटांवर सायकलला परवाना काढावा लागे, तोही पुढे काढून टाकला. नियम साधे. चालणाऱ्याचा हक्क पहिला. पुलाखाली वाट अरुंद होते तिथं हळू. घंटी वाजवायची आणि थांबायचं. सगळं गोड आहे असं नाही हं. चिखल असतो, वाट काही ठिकाणी दोन माणसांपुरतीच, आणि जोरात जाणाऱ्या सायकलवाल्यांवरून म्हाताऱ्या बायका चिडलेल्या मी स्वतः पाहिल्या. एकीनं मलाही सुनावलं. पण भांडण 'कसं चालवायचं' यावर होतं, 'कोणी यायचं' यावर नव्हतं.

आणि त्या वाटेवर कोण होतं? आमच्यासारखे हौशी होतेच. पण दप्तर पाठीला लावून शाळेतून घरी जाणारी पोरगी होती. पुढच्या टोपलीत भाजी घातलेल्या एक आजी होत्या. बोटीतच घर करून राहणारी माणसं होती, त्यांच्या छपरावर सायकल आणि सरपण. म्हणजे हौस आणि काम एकाच वाटेनं चाललेलं होतं. वाट घरापासून सुरू होत होती.

आता आपल्या हैदराबादला परत येऊ.

आपल्या शहरात पाण्याचे काठ कमी आहेत का? हुसेनसागर कुतुबशाही काळातला, साडेचारशे वर्षांहून जुना. त्याचं जादा पाणी ज्या नाल्यानं जातं तो दोमलगुडा, अशोकनगर, नल्लाकुंटा, गोलनाका असा आपल्या अंगणातून जाऊन मुसीला मिळतो. मुसी स्वतः शहराच्या मधोमध. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं, उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, नदीकाठाला भिंती आल्या, बागा आल्या. हायकोर्ट, उस्मानिया हॉस्पिटल, सिटी कॉलेज, सगळं नदीकडे तोंड करून उभं. वडील सांगायचे, संध्याकाळी नयापुलाजवळ लोक हवा खायला जात. आज तिथून जाताना आपण गाडीची काच वर करतो.

नाल्याचं नाव काढलं की काही जण म्हणतील, साहेब, वास पाहिला का? पाहिला आहे, मी तिथंच राहतो. ऑगस्ट २००० मध्ये आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नाला काय करतो तेही पाहिलं आहे. आणि एक गोष्ट मला लिहायला जड जाते, पण लिहितो. सप्टेंबर २०२० मध्ये नेरेडमेटच्या बाजूला एक बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी सायकल घेऊन घराबाहेर पडली आणि उघड्या नाल्यात वाहून गेली. पेपरात फोटो आला होता. माझा नातू तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. मी तो पेपर घडी करून गादीखाली ठेवला, घरात कोणाला दाखवला नाही.

एका देशात पोर पाण्याच्या काठानं सायकलवर शाळेतून घरी येतं. आपल्याकडे पाण्याच्या काठाला पोर सायकलवर गेलं तर घरी येत नाही. फरक पैशाचा नाही. पैसा आपण खर्च करतो, चांगला करतो, तो सोलर ट्रॅक त्याचा पुरावा आहे. फरक एवढाच की तो पैसा आपण कालव्याच्या डोक्याशी ओततो. शेपटाला कोरडं.

बोधनचा माझा लष्कर आज असता तर हेच म्हणाला असता. नानकरामगुडा, नार्सिंगी हे डोकं. तिथं आधीच पाणी आहे, मोठे रस्ते, गेटच्या कॉलनी, आतमध्ये सायकलला जागा. नल्लाकुंटा, गोलनाका, चादरघाट, शालीबंडा हे शेपूट. आणि गंमत म्हणजे पोट भरायला सायकल चालवणारी माणसं शेपटाकडेच जास्त. पहाटे पाचला बाल्कनीत उभं राहा, दिसतील. रात्रपाळी संपवून जाणारा वॉचमन, झाडूवाली बाई जिला नवरा मागं बसवून सोडायला येतो, चहाचा डबा हँडलला अडकवलेला पोरगा. त्यांच्यासाठी किती किलोमीटर ट्रॅक आहे? ट्रॅकवर त्यांना कोणी अडवत नाही, फुकट आहे. पण तिथं जायला त्यांच्याकडे गाडी नाही, आणि जाऊन करायचं काय? त्यांचं काम इकडे आहे.

म्हणून माझं म्हणणं चार ओळीत.

एक. नवीन ट्रॅक करायचा तर पाण्याच्या काठापासून सुरुवात करा. नाल्याला भिंत बांधताच आहात, तर भिंतीला लागून दोन-अडीच मीटरची पट्टी, कठडा आणि दिवा. जिथं जागा आहे तिथं आधी, नाही तिथं नंतर. कठडा पोरांना वाचवेल आणि पट्टी नाला साफ करणाऱ्या गाड्यांनाही लागतेच. बोधनची वाटही तपासणीसाठीच होती, मी फुकटात वापरली.

दोन. चालणारा पहिला, सायकल दुसरी, आणि मोटारसायकल अजिबात नाही. खांब रोवा. आपल्याकडे पट्टी दिसली की पहिली स्कूटर येते, दुसरं पाणीपुरीचं बंडीवालं. पाणीपुरीला माझी हरकत नाही, स्कूटरला आहे.

तीन. ट्रॅकची लांबी किलोमीटरमध्ये मोजू नका. किती घरांच्या दारापासून तो सुरू होतो त्यात मोजा. दारापासून सुरू होणारे दोन किलोमीटर मला त्या २३ पेक्षा मोलाचे.

चार. हे सगळ्यात महत्त्वाचं. काठ मोकळा करायच्या नावाखाली काठावरच्या गरिबाला उचलून फेकू नका. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुसीच्या पात्रातल्या घरांवर खुणा झाल्या, काही घरं पाडलीही गेली, ते आपण सर्वांनी पाहिलं. पुराच्या तोंडात कोणी राहू नये हे मलाही पटतं. पण आमच्या शाखेतला एक जुना शिपाई त्याच बाजूला राहतो. मी त्याला माझी ही काठावरच्या वाटेची कल्पना मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, "साब, रास्ता बनाओ, अच्छा है. मगर पहले हमारे को कहाँ भेजते वो बोलो."

मी गप्प झालो. तीस वर्षं तो माझ्या टेबलावर फायली आणून ठेवत होता आणि इतका सरळ प्रश्न मला कधी माझ्या वरिष्ठांनी विचारला नव्हता. त्याचं उत्तर आधी, मग ट्रॅक. जवळपासच, शाळा आणि काम न तुटता दुसरं घर मिळालं पाहिजे. ते होत नसेल तर माझी दोन मीटरची पट्टी मला नको. मी टॉवेल वाळवत बसेन.

काही मित्रांशी यावर बोललो. एकानं म्हटलं, "हे इंग्लंडचं थंड हवेतलं खूळ आहे, इकडे उन्हात कोण सायकल चालवतं?" अहो, इकडे उन्हात सायकल नेहमीच चालत आली आहे, आपण चालवायचं सोडलं एवढंच. उन्हाला उपाय झाड. बोधनच्या कालव्यावर बाभळी होत्या, त्या कोणी सोलर म्हणून लावल्या नव्हत्या.

दुसऱ्यानं म्हटलं, "पुण्यातही मुठेच्या कालव्याच्या काठानं लोक फिरतात, पण २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालवा फुटलाच ना?" फुटला, २७ सप्टेंबरला, आणि शेकडो संसार पाण्यात गेले. पण त्यावरून मी उलटं शिकतो. ज्या काठावर रोज शंभर माणसं चालतात, तिथं भगदाड पडायच्या आधी कोणीतरी ओल बघतो आणि ओरडतो. निजामसागरच्या कालव्यावर गळती पहिल्यांदा लष्कराला दिसायची, कारण तो चालत असायचा. बंद दाराआडचा कालवा फक्त फुटल्यावरच कळतो. मघाशी म्हटलं होतं ना, हळू गेलं की मधलं दिसतं. ते इथं कामाला येतं.

तिसऱ्यानं विचारलं, "या वयात तुम्हाला काय करायचंय?" हा प्रश्न खरा आहे. नाला सुधारेपर्यंत मी असेन की नाही माहीत नाही. निजामसागर बांधायलाच आठ वर्षं लागली होती. पण कर्ज मंजूर करताना आम्ही कधी असं विचारलं नाही की फळ लागेल तेव्हा हा बँक मॅनेजर असेल का. आंब्याच्या बागेलाही कर्ज दिलंच की.

गेल्या रविवारी सकाळी सहाला मी बाल्कनीतली सायकल खाली आणली. सौ. झोपली होती. (आता हे वाचून कळेलच तिला.) हवा भरली, सीट पुसलं, आणि गोलनाक्याच्या बाजूला नाल्यापर्यंत हातात धरून चालत नेली, बसलो नाही. नाल्याकाठी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा हाफ पेडल मारत होता, वडिलांची सायकल असावी, त्याला मोठी होती. बाजूला कठडा नव्हता. मी त्याला म्हटलं, "बेटा, उधर से चलाओ, दीवार की तरफ." त्यानं "हौ" म्हटलं आणि वळवली. तो घरी जाईपर्यंत मी तिथं उभा होतो.

मंडळी, आपल्यापैकी कोणी नगरपालिकेत, पाटबंधाऱ्यात, वकिलीत काम केलेलं आहे. नाल्याकाठच्या पट्टीबद्दल अर्ज कुठं आणि कसा करायचा हे जाणकारांनी सांगावं, लिहायचं काम माझं. बँकेत चाळीसएक वर्षं अर्ज वाचले आहेत, एक लिहीन म्हणतो. आणि मुसीकाठच्या, कालव्याकाठच्या, पहिल्या सायकलीच्या तुमच्या आठवणी असतील तर त्याही जरूर लिहा. बोधन, निजामाबाद, देगलूरकडच्या मंडळींनी तर नक्की. तो कालवा आता कसा आहे, काठावरच्या बाभळी आहेत का, एवढं तरी कोणी सांगा.